दिवाळीच्या अमावास्येला व्हेनिस : वाचकांचे प्रश्न

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये व्हेनिसला निघालेल्या नाशिक परिसरातल्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं आहे. दर बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी एकदा पाहून घ्यावेत.

प्रश्न (गंगापूर रोड) : दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस इटली, त्यातले तीन व्हेनिस असा बेत आहे. पण नोव्हेंबरात तिथे पूर येतो, मुख्य चौकात गुडघाभर पाणी असतं, असे व्हिडिओ पाहिले. हॉटेलचे पैसे भरावेत की बेतच बदलावा?

उत्तर : बेत बदलू नका. फक्त कोणत्या वेळी कुठे जायचं हे भरतीच्या वेळा पाहून ठरवा.

पूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गंगेचा, म्हणजे गोदावरीचा पूर येतो. वर पाऊस होतो, गंगापूर धरणातून विसर्ग सुटतो, रामकुंडाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि पाणी तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं यावरून सगळं शहर पूर मोजतं. विसर्ग कमी होईपर्यंत तो हलत नाही. व्हेनिसचं पाणी समुद्रातून येतं, भरतीला चढतं आणि ओहोटीला उतरतं. तिथे त्याला 'आक्वा आल्ता' म्हणतात, म्हणजे उंच पाणी. सान मार्कोच्या चौकात ते बहुतेक वेळा तीन-चार तास टिकतं. सकाळी फळ्यांवरून चालत ओलांडलेला चौक दुपारच्या जेवणानंतर कोरडा मिळतो.

बहुतेकांचा घोटाळा आकड्यांपाशी होतो. 'उद्या ११० सेंटिमीटर' असं वाचलं की छातीएवढं पाणी असेल असं वाटतं. पण तो आकडा रस्त्यावरच्या पाण्याची खोली सांगत नाही. पुंता देल्ला सालूते इथल्या मोजपट्टीवर, १८९७ साली ठरलेल्या शून्यापासून मोजलेली ती समुद्राची पातळी असते. व्हेनिसचा दुतोंड्या मारुती तो हाच. तेव्हापासून समुद्र वर आला आणि जमीन थोडी खचली, त्यामुळे आज रोजची सरासरी पातळीसुद्धा त्या शून्याच्या तीसेक सेंटिमीटर वर असते. सान मार्कोचा चौक शहरातल्या सर्वांत सखल जागांपैकी एक आहे. पातळी ८० च्या पुढे गेली की तिथे पाणी दिसू लागतं. ११० ला चौकात साधारण पाऊण ते एक फूट पाणी असतं, म्हणजे नडगीपर्यंत, आणि शहराचा जेमतेम १२ टक्के भाग भिजतो. उंचावरच्या गल्ल्यांमध्ये तेव्हा दुकानं नेहमीसारखी चालू असतात.

हे पाणी पहिल्यांदा काठ ओलांडून येत नाही. पावसाचं पाणी निचरावं म्हणून चौकाच्या फरशीत दगडी जाळ्या बसवल्या आहेत. भरती चढली की त्यांतूनच ते उलटं वर येतं. आधी जाळीभोवती ताटाएवढं ओलं वर्तुळ दिसतं, मग ते पसरतं आणि शेजारच्या वर्तुळाला जाऊन मिळतं. ही वर्तुळं दिसली की चौक ओलांडायला अजून थोडा वेळ हातात आहे असं समजावं.

आता 'मोसे' नावाच्या दरवाज्यांबद्दल. व्हेनिसचं खाजण समुद्राला तीन तोंडांनी जोडलेलं आहे : लिदो, मालामोक्को आणि किओज्जा. या तोंडांच्या तळाशी एकूण ७८ पोकळ पोलादी दरवाजे बिजागऱ्यांवर आडवे झोपवलेले आहेत. एरवी ते पाण्याने भरलेले असतात, म्हणून तळाशी बसून राहतात. मोठ्या भरतीचा अंदाज आला की त्यांत दाबाची हवा सोडतात. आतलं पाणी बाहेर पडतं, दरवाजे हलके होतात आणि समुद्र व खाजण यांच्यामध्ये उभे राहतात. खऱ्या भरतीत ते पहिल्यांदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी उचलले गेले. त्यानंतर चौकात कमरेएवढं पाणी, हे चित्र जवळपास इतिहासजमा झालं आहे. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ बहुधा १२ नोव्हेंबर २०१९ चे असावेत. त्या रात्री पातळी १८७ सेंटिमीटरवर गेली होती. त्याहून वरची नोंद एकच, ४ नोव्हेंबर १९६६ ची १९४ सेंटिमीटर.

पण दरवाजे आहेत म्हणजे चौक कायम कोरडा, असं मात्र नाही. ते साधारण ११० किंवा त्यापुढच्या अंदाजाला उचलतात, कारण प्रत्येक वेळी बंदराची जहाजवाहतूक थांबवावी लागते. म्हणजे ८० ते ११० च्या मधल्या भरतीला दरवाजे उघडेच असतात आणि चौक भिजू शकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रवाशाची गाठ पडते ती याच मधल्या पाण्याशी. सान मार्कोच्या बॅसिलिकेचं दालन चौकापेक्षाही खाली आहे, म्हणून २०२२ मध्ये तिच्याभोवती काचेची भिंत उभी केली. चौकात पाणी असताना बॅसिलिका आतून कोरडी दिसते ती त्यामुळे.

पंचांग तुमच्या कामाचं आहे ते इथे. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि भरती मोठी होते. कोकणात त्याला उधाण म्हणतात. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं, त्यामुळे दिवाळीच्या ऐन दिवसांत व्हेनिसला उधाणाची भरती असते. कोजागिरी आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासही तेच. २०१९ च्या महापुराचा दिवस हा त्रिपुरी पौर्णिमेचाच होता. उलट अष्टमीच्या आगेमागे भरती लहान असते. दिवाळीची सुट्टी आठ दिवसांची असेल तर पहिले दिवस रोम-फ्लॉरेन्सला घालवा आणि व्हेनिस सहलीच्या शेवटी ठेवा. अमावास्या मागे पडते आणि भरती उतरणीला लागते.

मात्र पंचांग अर्धंच सांगतं. बाकीचं अर्धं वारा ठरवतो. एड्रियाटिक समुद्र लांब, चिंचोळा आणि उत्तरेला बंद आहे, आणि व्हेनिस त्या बंद टोकाशी बसलं आहे. आग्नेयेकडून शिरोक्को वारा सुटला की तो समुद्राच्या सगळ्या लांबीवरून पाणी ढकलत आणतो. हवेचा दाब कमी असेल तर पातळी आणखी वर जाते. वारा पडल्यावरही धोका लगेच संपत नाही. परातीत पाणी घेऊन एक कड उचलून सोडली की पाणी बराच वेळ इकडून तिकडे हेलकावत राहतं, तसा हा समुद्र साधारण २२ तासांच्या लयीत हेलकावतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी चढू शकतं. १९६६ च्या त्या दिवशी अमावास्येला आठ दिवस होते आणि पौर्णिमा होऊन गेली होती. तो पूर निव्वळ वाऱ्याने आणला. ८ डिसेंबर २०२० लाही तिथी मधलीच होती. अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला, म्हणून दरवाजे उचललेच नव्हते, आणि पाणी १३८ वर गेलं.

म्हणून तिथी पाहून तारखा ठरवा, पण रोजचा कार्यक्रम अंदाज पाहून ठरवा. व्हेनिस महापालिकेचं भरती-अंदाज केंद्र तीन दिवसांचा अंदाज देतं. त्याचं 'हाय टाइड' नावाचं मोबाइल ॲप फुकट आहे. त्यात आकडा आणि वेळ दोन्ही पाहा. वेळ जास्त महत्त्वाची. सकाळी साडेदहाला ९५ असेल तर नऊपासून बाराएकपर्यंत सान मार्को सोडून कान्नारेजो किंवा दोर्सोदुरो भागात फिरा आणि चौक दुपारी करा. दरवाजे उचललेले नसताना ११० च्या वरचा इशारा असेल तर शहरभर भोंगा वाजतो. आधी लांब भोंगा, मग सूर. एक सूर म्हणजे ११०, दोन म्हणजे १२०, तीन १३०, आणि चार सूर १४० किंवा त्याहून वर.

प्रश्न (इंदिरानगर) : गमबूट इथून न्यायचे का? आणि पाणी आलं की बोटी बंद पडतात का?

उत्तर : गमबूट नेऊ नका, बॅगेतली जागा आणि वजन वाया जातं. गरज पडलीच तर चौकाजवळच्या दुकानांत बुटांवरून चढवायचे प्लॅस्टिकचे लांब मोजे मिळतात. एका दिवसापुरते ते पुरतात, पण तळ पातळ असतो, फरशीच्या कडेला घासला की फाटतो. पावसाळ्यात घालतो ते फ्लोटर आणि एक छोटा टॉवेल सोबत ठेवलात तरी नडगीएवढ्या पाण्यातून निभतं, मात्र पाणी गार असतं. चामड्याचे बूट त्या पाण्यात घालू नका. ते खारं आहे, वाळल्यावर चामड्यावर पांढरे डाग येतात आणि शिवण उसवते. भिजलेच तर त्याच रात्री गोड्या पाण्याने पुसून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, हीटरवर ठेवू नका.

वर्दळीच्या रस्त्यांवर पालिका लोखंडी घोड्यांवर लाकडी फळ्या टाकते. त्यांवर उजव्या हाताने चालायचं, फोटोसाठी थांबायचं नाही, कारण मागची सगळी रांग अडते. पातळी १२० च्या पुढे गेली तर फळ्या तरंगू लागतात, म्हणून त्या काढून घेतात.

बोटी बंद पडत नाहीत, त्यांचे मार्ग बदलतात. पाणी चढलं की काही पुलांखाली बोटीचं छत जाण्याएवढी जागा उरत नाही, मग त्या बाहेरून वळसा घेतात. दाट धुक्यातही फेऱ्या कमी होतात. नोव्हेंबरात पहाटे धुकं पडतं, तेव्हा परतीच्या विमानाच्या दिवशी बोटीवर विसंबू नका. पियाझ्झाले रोमा या बसच्या चौकातून विमानतळाची बस पकडा आणि तासभर जास्तीचा धरा.

प्रश्न (नाशिकरोड) : आईबाबा बरोबर आहेत, वय ६८ आणि ७२. आईचे गुडघे दुखतात. शहरात गाड्याच नाहीत असं ऐकलं. राहायची जागा कुठे घ्यावी, सामान कसं न्यावं?

उत्तर : गाड्या खरंच नाहीत, सायकलीसुद्धा नाहीत. रस्त्याची गाडी पियाझ्झाले रोमापर्यंत आणि रेल्वे सांता लुचिया स्टेशनपर्यंत, पुढे पाय आणि बोट. पूल चारशेहून अधिक आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना पायऱ्या आहेत. आईंच्या गुडघ्यांना त्रास होणार तो अंतराचा नाही, या पायऱ्यांचा. म्हणून जागा निवडताना 'सान मार्कोपासून किती मिनिटं' हे विचारू नका. 'बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत किती पूल' हे विचारा आणि उत्तर शून्य असेल तरच पैसे भरा. हा प्रश्न घरमालकाला लेखी पाठवा, नकाशावर लहान पूल नीट दिसत नाहीत. लिफ्टचंही विचारून घ्या. जुन्या घरांत तिसरा मजला म्हणजे साठ-सत्तर उंच पायऱ्या असू शकतात. स्टेशनजवळचा कान्नारेजो भाग आणि दक्षिणेला झात्तेरेचा सपाट काठ, हे दोन्ही वयस्कर मंडळींना सोयीचे.

पत्त्याबद्दलही इथेच सांगतो. शहराचे सहा भाग आहेत आणि घराचा क्रमांक त्या अख्ख्या भागाचा असतो, गल्लीचा नसतो. 'कान्नारेजो ३०२१' एवढ्याने घर सापडत नाही. ३०२० नंबर कोपऱ्यावर आणि ३०२१ पुलापलीकडे असू शकतो. गल्लीचं नाव आणि जवळचा थांबा कागदावर लिहून घ्या. अरुंद गल्ल्यांत उंच भिंतींमुळे मोबाइलचा निळा ठिपका भलतीकडे उडी मारतो. तेव्हा भिंतींवरच्या पिवळ्या पाट्या बघाव्यात, त्यांवर रियाल्तो, सान मार्को आणि स्टेशनकडे जाणारे बाण असतात.

सिटीलिंक जशी आपली शहर बस, तशी व्हापोरेत्तो ही तिथली पाण्यावरची शहर बस. एक नंबरची बोट मोठ्या कालव्याच्या प्रत्येक थांब्यावर थांबते, दोन नंबरची मोजक्या. एकेरी तिकीट ९.५० युरो आणि ७५ मिनिटं चालतं. चोवीस तासांचा पास २५, अठ्ठेचाळीसचा ३५, बहात्तरचा ४५ युरो. दिवसात तीनदा बोटीत बसलात तरी पास स्वस्त पडतो, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर तीनदा बसणं होतंच. पासाचे तास पहिल्यांदा यंत्राला टेकवल्यापासून मोजतात. त्यामुळे संध्याकाळी पाचला सुरू केलेला पास शेवटच्या दिवशी पाचपर्यंत चालतो. पास असला तरी दर वेळी चढण्याआधी तो टेकवायचा. विसरलात तर तिकीट खिशात असूनही दंड होतो. विमानतळाहून येणारी खासगी बोट या पासात बसत नाही, विमानतळाच्या बसचंही तिकीट वेगळं असतं.

सामानाचा नियम घरीच मोजून बघा. एका तिकिटावर एक बॅग चालते, लांबी, रुंदी आणि जाडी मिळून १५० सेंटिमीटरपर्यंत. आपण नेतो ती मोठी, २८ इंची बॅग बहुधा त्याच्या थोडी वर जाते, २४ इंची आरामात बसते. चौघांत दोन मोठ्या बॅगा नेण्यापेक्षा चार मध्यम न्या. पुलावर उचलायची वेळ आली तरी प्रत्येकाला आपली पेलते.

थांबा तरंगता असतो, बोटीबरोबर हलतो. खलाशी दोर गुंडाळून बोट खुंटीला खेचून धरतो, मग लोखंडी दांडा सरकवतो. तोवर आईंना मागे उभं ठेवा, आधी उतरणारे उतरू द्यात. भरती-ओहोटी टोकाला असताना काठावरून थांब्यावर जाणारी फळी चांगलीच तिरकी होते, तेव्हा एकाने पुढे आणि एकाने मागे राहावं. आत शिरल्यावर पाठीवरची सॅक काढून पायाशी ठेवायची पद्धत आहे.

प्रश्न (पंचवटी) : आम्ही पूर्ण शाकाहारी. मासे खाणाऱ्या गावात आमचं कसं होणार? फराळ नेला तर चालतो का?

उत्तर : उपाशी राहणार नाही, पण पांढऱ्या पदार्थांपासून सावध राहा. बारच्या काचेमागे पावाच्या तुकड्यावर चक्क्यासारखं पांढरं, मऊ काहीतरी लावलेलं दिसतं. ते चीज नसून सुकवलेल्या कॉड माशाचं फेटलेलं सारण असतं, 'बाकाला मांतेकातो'. 'बिगोली इन साल्सा' नावाच्या जाड शेवयांत नुसता कांदा दिसतो, पण त्यात अँकोव्ही मासा विरघळवलेला असतो. भोपळ्याचा किंवा मशरूमचा रिसोत्तो शाकाहारी वाटतो, मात्र तो मांसाच्या अर्कात शिजवलेला असू शकतो. म्हणून 'शाकाहारी आहे का' एवढं न विचारता थेट सांगा : 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेश्शे, सेन्झा ब्रोदो दी कार्ने', म्हणजे मांस नको, मासा नको, मांसाचा अर्क नको. अस्सल पार्मेजानो चीज वासराच्या जठरातल्या रसाने विरजतात. ते टाळायचं असेल तर 'सेन्झा पार्मेजानो' हेही जोडा. चीजच नको असेल तर मरिनारा पिझ्झा मागवा, टोमॅटो, लसूण आणि ओरेगॅनो, बस. तिरामिसूत कच्ची अंडी असतात.

शरदात मिळणारी खास भाजी म्हणजे त्रेव्हिझोचा रादिक्यो. जांभळट, कडसर पानांची, थंडी पडल्यावर गोडावणारी. तव्यावर तेलात भाजून देतात, जरूर खा.

बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी रक्कम दिसेल. तो टेबलावर बसण्याचा आकार आहे, चूक नाही. कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त, बसून घेतली तर महाग. सान मार्को चौकात जिथे वाद्यवृंद वाजतो तिथे संगीताचे वेगळे पैसे लागतात. नळाचं आणि चौकाचौकांतल्या लोखंडी झऱ्यांचं पाणी पिण्याचं असतं, बाटल्या भरून घ्या. आणि डबा उघडून पुलाच्या पायरीवर किंवा चौकात जमिनीवर बसू नका, त्याला दंड आहे.

फराळातला चिवडा, चकली, चटण्या न्यायला अडचण नाही. तूप, पेढे, बर्फी, खवा, चक्का मात्र नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, सापडले तर काढून घेतात. ताजी फळंही नकोत, केळी, नारळ अशा मोजक्या फळांनाच सूट आहे. कढीपत्ता वाळवूनच न्यावा.

प्रश्न (निफाड) : थंडी आपल्यापेक्षा जास्त का?

उत्तर : निफाडच्या माणसाला घाबरण्याचं कारण नाही. ऑक्टोबरात दिवसा १८ अंशांच्या आसपास, नोव्हेंबरात दिवसा साधारण १२ आणि रात्री ५. आपल्याकडे पहाटेची थंडी दहा वाजेपर्यंत पळून जाते, तिथली दिवसभर तशीच राहते आणि ती ओली असते. एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा आत पातळ, वर लोकरी आणि सर्वांवर पाणी न शिरणारं जॅकेट बरं. वाऱ्यात छत्री उलटते आणि अरुंद गल्लीत लोकांच्या डोळ्यांत जाते, टोपीचं जॅकेटच घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तिथली घड्याळं तासभर मागे जातात. फरक साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर येतो आणि संध्याकाळी पाचलाच अंधार पडू लागतो. त्या दिवशी विमान असेल तर वेळ दोनदा तपासा. नोव्हेंबरात बघायचं ते सगळं सकाळी आठ ते चार या वेळात बसवावं.

प्रश्न (कॉलेज रोड) : गोंडोला करावा का? फार महाग सांगतात.

उत्तर : दर पालिकेने ठरवलेला आहे : दिवसा ३० मिनिटांना ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११०. हा दर अख्ख्या नावेचा आहे, माणशी नाही, आणि नावेत पाच जण बसतात. चौघांच्या कुटुंबाने वाटून घेतला तर झेपतो. बसण्याआधी मिनिटं आणि रक्कम स्पष्ट बोलून घ्या. मोठ्या कालव्यात बोटींच्या लाटांनी नाव हेंदकाळते, आतल्या अरुंद कालव्यांतून न्यायला सांगा. भरती चढलेली असताना ठरवू नका, सखल पुलांखालून नाव जात नाही आणि फेरी आखूड होते.

नुसतं बसून बघायचं असेल तर कालवा ओलांडणारी 'त्रागेत्तो' ही सामाईक गोंडोला आहे, प्रवाशाला २ युरो. दोन-तीन मिनिटांचा प्रवास, पण नाव तीच. मागे उभ्या नावाड्याकडे लक्ष द्या. वल्हं एकच, तेही उजवीकडे, त्यामुळे नाव डावीकडे वळत राहायला हवी. ती सरळ जाते कारण तिची डावी बाजू उजवीपेक्षा साधारण वीतभर रुंद बांधलेली असते. समोरून येणारी गोंडोला नीट पाहिली तर ती तिच्या स्वतःच्या उजव्या बाजूला कललेली दिसते.

प्रश्न (सातपूर) : स्वस्तात कधी पडेल? प्रवेशाचे पैसे घेतात म्हणे.

उत्तर : एका दिवसापुरतं येणाऱ्यांचं प्रवेश शुल्क २०२४ आणि २०२५ मध्ये वसंत आणि उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवसांपुरतंच होतं, शरदात नव्हतं. मुक्कामाला राहणाऱ्यांना ते लागत नाही, त्यांना माणशी, दर रात्रीचा पर्यटन कर हॉटेलात भरावा लागतो. खोल्या महाग असतात त्या बिएनाले प्रदर्शन चालू असेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत. २१ नोव्हेंबरला सालूतेचा सण असतो. १६३० च्या प्लेगमधून शहर सुटावं म्हणून बोललेल्या नवसाचं ते देऊळ आहे, आणि त्या दिवसांत मोठ्या कालव्यावर देवळाकडे जाणारा तात्पुरता पूल टाकतात. गावकरी मेणबत्त्या घेऊन त्यावरून दर्शनाला जातात. तो बघून पुढचे दिवस राहिलात तर गर्दी कमी आणि दर उतरलेले मिळतात. खाजणापलीकडे मुख्य भूमीवर असलेल्या मेस्त्रेला राहून रोज दहा मिनिटांच्या रेल्वेने यायचं, हा सर्वांत स्वस्त मार्ग. पण मग पहाटेचं आणि रात्रीचं रिकामं व्हेनिस हातचं जातं, आणि शरदात बघण्यासारखं तेच आहे. एक रात्र तरी आत काढा.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत) : द्राक्ष बागायतदार आहे. उत्पन्न शेतीचं, म्हणून आयकर विवरणात फारसं काही दिसत नाही. शेंगेन व्हिसाला अडचण येईल का? आणि तिकडे बागा बघता येतील का?

उत्तर : शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून व्हिसा नाकारत नाहीत. खात्यात पैसे आहेत पण ते आले कुठून हे कागदावर दिसत नाही, तिथे अडतं. म्हणून विवरण भरलेलं असेल तर ते जोडाच, शेतीचं उत्पन्न दाखवायला त्यात जागा असते. सोबत सातबारा इंग्रजी भाषांतरासह, बाजार समितीच्या पट्ट्या किंवा निर्यातदाराकडून बँकेत आलेल्या रकमा, सीएचं उत्पन्नाचं पत्र आणि सहा महिन्यांचं खातेपुस्तक द्या. अर्जाच्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका, तीच शंकेला कारण होते. परत येण्याचं कारण म्हणून बाग हा तुमचा भक्कम पुरावा आहे, एका पानाच्या पत्रात छाटणी कधी झाली आणि काढणी कधी आहे ते लिहा.

सर्वांत जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो, निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. दिवाळीच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळत नाहीत, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्येच मुंबईची फेरी करून टाका. मोठ्यांना शुल्क ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, शिवाय व्हिसा केंद्राचा सेवाआकार. प्रवासविमा निदान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला. विम्याच्या, तिकिटाच्या आणि हॉटेलच्या तारखा एकमेकींशी जुळतात का ते स्वतः ताडून बघा, एजंटाच्या घाईत हीच चूक सर्वांत जास्त होते.

बागांचं म्हणाल तर दोन ठिकाणं. व्हेनिसहून साध्या रेल्वेने तासाभरात कोनेल्यानो येतं. तिथून वाल्दोब्बियादेनेपर्यंतच्या प्रोसेक्को द्राक्षांच्या टेकड्या २०१९ पासून जागतिक वारसा आहेत. उतार इतके तीव्र की यंत्र चालत नाही, तोडणी हाताने करतात. पायऱ्यांच्या कडा दगडाऐवजी गवताने बांधून धरलेल्या असतात. आपल्याकडे उतारावरची माती धुपते तिथे हे बघण्यासारखं आहे. काढणी सप्टेंबरात उरकते, त्यामुळे नोव्हेंबरात वेलींवर फक्त पिवळी पानं असतील.

दुसरं ठिकाण खाजणातच आहे, मात्सोर्बो बेटावर. विटांच्या उंच भिंतीआड दोरोना जातीची पांढरी द्राक्षं लावली आहेत, मुळाखाली हातभर अंतरावर खारं पाणी. १९६६ च्या पुरात खारं पाणी मुळांशी साचून इथल्या बहुतेक बागा मेल्या. तोर्चेल्लो बेटावर काही वेली वाचल्या होत्या, त्यांच्या काड्यांपासून ही बाग पुन्हा उभी केली. जायचं असेल तर फोंदामेंते नोवे या थांब्यावरून बारा नंबरची बोट पकडा, पाऊण तासाच्या आत पोचते, रोजचा पास चालतो. मात्सोर्बोचा थांबा शेजारच्या बुरानो बेटाच्या आधी येतो. तिथे उतरा, भिंतीच्या आतून बाग बघा आणि मग लाकडी पुलावरून चालत बुरानोला जा. परतीची बोट अंधाराआधीची धरा.